कला सोडून आलेल्या मुलाकडून हिशेब मागू नका

तिशी ओलांडलेल्या मुलाने किंवा मुलीने नाटक, मालिका, गाणं, ॲनिमेशन, चित्रकला यांतलं काही सोडून दुसरं काम धरलं, की आपल्याकडे वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांत अडकतो. एक बाजू म्हणते, 'आम्ही तेव्हाच सांगत होतो.' दुसरी म्हणते, 'अजून थोडी कळ काढायला हवी होती, स्वप्न असं अर्ध्यावर टाकायचं नसतं.' लग्नाच्या पंगतीत हेच, सोसायटीच्या कट्ट्यावर हेच, मोबाइलवरच्या चर्चांतही हेच. वरवर पाहता या बाजू एकमेकींशी भांडताना दिसतात, पण एका गोष्टीवर त्यांचं पक्कं एकमत आहे: सोडणारा हरला. पहिलीला त्या हरण्याचं समाधान वाटतं, दुसरीला हळहळ वाटते, एवढाच फरक. आणि घरातल्या माणसांपुढे जो प्रश्न खरोखर उभा असतो, तो या गदारोळात कुणी विचारतच नाही. चौतीस वर्षांची मुलगी उद्यापासून एका अनोळखी क्षेत्रात पहिल्या पायरीवर उभी राहणार आहे. तिच्या आईवडिलांनी नेमकं काय करायचं?

माझं म्हणणं असं आहे की, कारखाना बंद पडून घरी आलेल्या मुलाला आपण जशी मदत केली असती, तशीच कला सोडून आलेल्या मुलाला करावी. राहायला खोली, ठरावीक मुदतीपर्यंत पैशाचा आधार, आपल्या ओळखीपाळखी, आणि 'का सोडलंस' याचा हिशेब न मागणं. ती का सोडून आली, त्यातून ती काय शिकली, यापुढे ती स्वतःला कलाकार म्हणणार की नाही, हे सगळं तिचं तिने ठरवायचं. आपण खर्चाचा भार वाटून घ्यायचा, त्या खर्चाच्या बदल्यात निर्णयाचा अर्थ लावण्याचा अधिकार मागायचा नाही. मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, आणि माझी मुलगी बरीच वर्षं मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक होती, आता एका मालवाहतूक कंपनीत कामाला आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वादाचा नाही.

कला सोडणाऱ्याला आपण वेगळा न्याय का लावतो? मनातून आपण कलेला काम मानतच नाही, म्हणून. ती आपल्या लेखी हौस, नाद, फार तर साधना. हौस करणाऱ्याने हौस सोडली तर त्याला आधार कसला द्यायचा, असा तो तर्क चालतो. पण सेटवर दिवसभर पायांवर उभं राहणारी मुलगी हौस करत नसते. गोरेगाव, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता इथे सकाळी सातचा कॉल टाइम असतो. शिफ्ट म्हणायला बारा तासांची, पॅकअप कधी होईल ते त्या दिवशीच्या सीनवर. केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळणं ही या धंद्यातली सर्रास रीत आहे, म्हणजे जूनमध्ये गाळलेला घाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खात्यात दिसणार. टीआरपी घसरला की मालिका गुंडाळतात, आणि युनिटमधल्या शेवटच्या माणसाला ते सर्वांत शेवटी कळतं. फंड नाही, पगारी रजा नाही, ताप आला तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. माझ्या मुलीचे एका निर्मात्याकडचे पैसे अजून यायचे आहेत. अशा अटींवर चालणाऱ्या कुठल्याही दुसऱ्या धंद्यातून माणूस बाहेर पडला असता तर आपण म्हटलं असतं, बरं झालं सुटलास. कलेच्या बाबतीत मात्र आपण आधी त्याच्या निष्ठेची तपासणी सुरू करतो.

मुंबईला हे वेगळ्या प्रकारे माहीत असायला हवं. १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. संपाच्या नेतृत्वाबद्दल लोक आजही तावातावाने भांडतात. पण साचेखात्यातल्या, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्या, एखाद्या कामगाराने पुढे भाजीची गाडी लावली, रिक्षा चालवली किंवा कोकणातल्या घरी परत जाऊन शेती धरली, तेव्हा 'साच्यावरची तुझी निष्ठा कमी पडली' असं त्याला कुणी म्हटलं नाही. धंदा गेला हे सगळ्यांना दिसत होतं. गिरणगावातल्या बायकांनी खानावळी चालवल्या, शिवणकाम धरलं, घर तगवलं. तो आधार देताना नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जिद्दीचं मोजमाप कुणी मागितलं नव्हतं. गिरणगावाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती कडू आहे. 'गिरणी पुन्हा चालू होणार' या भरवशावर असंख्य माणसं वर्षानुवर्षं थांबली. ती थांबली तेव्हा तिशी-पस्तिशीची होती, दुसरं काही शिकण्याची उमेद त्यांच्यात होती. आशा सुटली तेव्हा ते वय निघून गेलं होतं. ज्यांनी लवकर दुसरी वाट धरली, त्यांच्यात हिंमत कमी होती असं आज कोण म्हणेल?

कलेच्या इतिहासातही असे तडाखे बसलेले आहेत, आपण ते विसरतो एवढंच. १९३१ मध्ये बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट आला, आणि संगीत नाटकाच्या मोठमोठ्या मंडळ्या काही वर्षांत खचल्या. खुद्द बालगंधर्वांना १९३५ च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीची वाट धरावी लागली. त्यांचं नाव तरी राहिलं. पण त्या मंडळ्यांच्या बिऱ्हाडात पडदे रंगवणारे होते, साथीदार होते, रंगपट सांभाळणारे होते, दुय्यम भूमिका करणारी पोरं होती. ती सगळी कुठे ना कुठे दुसऱ्या कामाला लागलीच. त्यांचं कसब एका रात्रीत कमी झालं होतं का? आज हेच ॲनिमेशन आणि व्हीएफएक्समध्ये, म्हणजे पडद्यावरची दृश्यं संगणकावर घडवण्याच्या कामात, घडतं आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडमधले लेखक आणि नट संपावर गेले, तिथलं काम आटलं, आणि त्याची झळ इथल्या स्टुडिओंत रात्रपाळी करणाऱ्या मुलांना लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही याच कामातली जुनी आंतरराष्ट्रीय कंपनी कोसळली आणि बंगळूर-मुंबईतल्या हजारो कलाकारांची नोकरी एका फटक्यात गेली. त्यानंतर महिन्याभरात एका जपानी स्टुडिओच्या शैलीतली चित्रं एआयकडून काढून घेण्याची लाट आली आणि घराघरात लोकांनी आपले फोटो तसे करून घेतले. पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेऊन पोट भरणाऱ्या मुलीने ती लाट बघितली आणि बी.एड.ला प्रवेश घेतला, तर तिने स्वप्न अर्ध्यावर टाकलं म्हणायचं की बाजार नीट वाचला म्हणायचं?

तरीही चिकाटीचा मुद्दा मी हलका समजत नाही. या वादातला तो सर्वांत बळकट मुद्दा आहे. कला पिकायला वेळ लागतो. गळा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात, लेखणीला सूर सापडायला त्याहून जास्त. तिसऱ्या वर्षी 'पुरे झालं आता' म्हणणारी घरं जास्त असती, तर आपल्याकडे निम्मेही गवई, नट, चित्रकार उरले नसते. आणि सोडण्याची इच्छा कधी कधी तात्पुरत्या खचलेपणातून येते हेही खरं. एक वाईट मालिका, एक फसलेला प्रयोग, एक अपमान, आणि माणूस म्हणतो, नको हे सगळं. अशा वेळी घरातल्या कुणीतरी 'दोन महिने थांब, मग ठरव' असं म्हणणं योग्यच आहे. मीही म्हणेन. पण ते एकदा म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की तो सल्ला राहत नाही, दडपण होतं. कारण किती थांबायचं हे ज्याच्या अंगावर ते थांबणं पडतं, त्यालाच कळतं. आपल्याला त्याच्या कलेतलं यश दिसतं किंवा अपयश दिसतं. दर महिन्याच्या एक तारखेला भाडं भरताना त्याच्या पोटात पडणारा खड्डा दिसत नाही.

शिवाय चिकाटीच्या ज्या कथा आपण सांगतो, त्या अर्ध्याच सांगतो. दादासाहेब फाळके हे नाव या संदर्भात हमखास येतं: दागिने गहाण पडले, विम्याची पॉलिसी तारण गेली, पण माणूस हटला नाही आणि १९१३ मध्ये चित्रपट उभा राहिला. हे खरंच आहे. पण त्याआधीचे फाळके बघा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला आणि सोडला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला आणि भागीदारांशी पटेना म्हणून त्यातूनही बाहेर पडले. चित्रपटात नाव झाल्यावरही एकदा कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिलं, मग परत आले. एकाच गोष्टीला चिकटून राहिलेल्या माणसाचं हे चरित्र आहे का? मला तर यात सोडता येणारा माणूस दिसतो, आणि प्रत्येक वेळी ते सोडणं निभावून नेणारं घर दिसतं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले हे सगळे सांगतात. छापखाना सुटल्यावर घर कसं चाललं असेल, हे मात्र कुणाच्या भाषणात येत नाही.

दुसरी अर्धवट कथा डॉक्टरांची. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. या निर्णयाचं आपण कौतुक करतो आणि ते करायलाच हवं. मग विरुद्ध दिशेने जाणाऱ्याला लागणारी हिंमत कमी कशी? चाळिशीच्या उंबरठ्यावर ओळख, वर्तुळ, नाव, सवय सगळं मागे ठेवून नव्या लोकांत सर्वांत कनिष्ठ होऊन बसायचं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. उलट रंगभूमीकडे जाणाऱ्याला टाळ्या मिळण्याची निदान शक्यता असते. आणि पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीने ज्या पिढीच्या जोरावर नाव कमावलं, तिच्याकडे बघा. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर, सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला. वसंतराव देशपांड्यांसारखा गवई लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत होता. पोटापाण्याची सोय वेगळी ठेवण्यात कमीपणा आहे, ही समजूत आपल्या परंपरेतली नाहीच. ती कुठून आली असेल याचा विचार केला, तर मला टीव्हीवरच्या स्पर्धा आठवतात, जिथे प्रत्येक स्पर्धकाला 'गाणं हेच माझं आयुष्य' असं कॅमेऱ्यासमोर म्हणायला लावतात.

आता पैशाचा आक्षेप. तो मी सर्वांत गांभीर्याने घेते, कारण तो बहुधा तोंडावर कुणी बोलत नाही आणि मनात प्रत्येकाच्या असतो. आईवडील साठीत आहेत, पेन्शन असेल तर ठीक, खासगी नोकरी केली असेल तर साठवलेल्यावरच भागवायचं आहे, गुडघ्याचं ऑपरेशन उद्या निघू शकतं. अशा वेळी चौतीस वर्षांच्या घोडीला का पोसायचं? हा शब्द मी ऐकलेला आहे म्हणून वापरते. या आक्षेपातला खरा भाग आधी मान्य करू: म्हातारपणाची पुंजी मुलांच्या नव्या सुरुवातीवर उधळणं हा त्याग म्हणून चांगला दिसतो, पण दहा वर्षांनी तो भार त्याच मुलांच्या डोक्यावर उलटून येतो. म्हणून फंड, ग्रॅच्युइटी आणि राहतं घर या तिन्हींना हात लावायचा नाही. बँकेत असताना मुलाच्या धंद्यासाठी घर तारण ठेवायला आलेले आईबाप मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओशाळलेपण बघून मला प्रत्येक वेळी त्यांना परत पाठवावंसं वाटे.

पण उरलेला आक्षेप टिकत नाही. हेच आईबाप लग्नाच्या हॉलवर आणि जेवणावळीवर काही लाख एका दिवसात खर्च करतात, तेव्हा 'पोसणं' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. मुलाला एमएससाठी अमेरिकेला पाठवताना कर्जाच्या कागदांवर सही करतात, आणि तिथे नोकरी लागेल याची हमी कुणीच दिलेली नसते. पंचविशीत केलेला खर्च गुंतवणूक, आणि चौतिशीत वर्षभर घराच्या एका खोलीत दिलेली जागा म्हणजे पोसणं, हे गणित कुठलं? कलेतून बाहेर पडणाऱ्याला लागणारी रक्कम बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा कितीतरी लहान असते. एखादा सहा-आठ महिन्यांचा अभ्यासक्रम, प्रवासखर्च, दोन जोडी नीट कपडे, आणि मुख्य म्हणजे मुंबईतलं भाडं वाचावं म्हणून घरी परतण्याची मुभा.

ही मदत कशी द्यायची याबद्दल मात्र मी कडक आहे. आकडा आणि मुदत आधी बोलून ठरवावी, आणि कागदावर लिहावी. 'बघू, लागतील तसे देत जाऊ' हे प्रेमळ वाटतं, पण त्यात मुलीला दर महिन्याला नव्याने हात पसरावा लागतो आणि आपल्याला दर महिन्याला नव्याने मोठं मन दाखवायची संधी मिळते. ते दोघांनाही वाईट. दुसरं, भावंडांपासून लपवू नये. धाकटीला गुपचूप दिलेले पैसे थोरल्याला कधीतरी कळतातच, आणि मग घराच्या वाटणीच्या वेळी ते बाहेर येतात. सगळ्यांसमोर सांगावं: इतके देतोय, अमुक महिन्यापर्यंत देतोय, तुला गरज पडली तर तुलाही देऊ. तिसरं, रोख रकमेपेक्षा जिथे खड्डा आहे तिथे भर घालावी. स्वतंत्र काम करणाऱ्या बहुतेक मुलांचा आरोग्यविमा नसतो किंवा हप्ता चुकून बंद पडलेला असतो. तो हप्ता आपण भरावा, कारण एक अपघात झाला तर सगळं ठरवलेलं कोसळेल. या मुलांच्या मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, गेलेला असतो आणि मालिका-नाटकाच्या धबडग्यात रिटर्न भरायचे राहून गेलेले असतात. एका रविवारी फॉर्म २६एएस, म्हणजे तिच्या नावावर भरलेल्या कराचा तक्ता, काढून बसलं तर कुठल्या वर्षी किती कापून भरलं ते दिसतं, मिळालेल्या रकमांशी ताडून पाहिलं तर कुणी कापून भरलंच नाही तेही कळतं, आणि जिथे मुदत उरली आहे तिथला परतावा तिचाच पैसा असतो. माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्यांना याहून उपयोगी काम कुठलं असेल?

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो बहुतेकदा मुलांकडून येतो: आईबापांचे पैसे घेतले की आईबापांचं राज्य येतं. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. घरी परतलेल्या मुलीसमोर तिसऱ्या आठवड्यात स्थळांची यादी येते. 'आता मोकळीच आहेस तर' या शब्दांनी सुरू होणारी कामं येतात: बिलं भर, काकूंना दवाखान्यात ने, गॅसवाल्याची वाट बघ. आणि कुणीतरी एमपीएससी सुचवतंच, कारण खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत वय चालतं हे सगळ्या मामा-काकांना पाठ असतं. कृपा करून हे थांबवा. एका बेभरवशाच्या क्षेत्रातून दमून बाहेर आलेल्या माणसाला, मोजक्या जागांसाठी लाखो जण बसतात अशा परीक्षेच्या रांगेत उभं करणं ही मदत नव्हे, ते पुन्हा गिरणीच्या फाटकाशी थांबायला लावणं आहे. तिला स्वतःला ती परीक्षा द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. पैसे देणाऱ्याने सूचना करू नयेत असं मी म्हणत नाही, पण तिने विचारल्यावर कराव्यात. आणि ती दिवसाचे तास कसे घालवते याचा जाब ठरलेल्या मुदतीच्या आत विचारू नये. मुदत लिहून ठेवण्याचा खरा फायदा हाच, ती आपल्यालाही बांधून ठेवते.

ज्यात आपण खरोखर कामी येऊ शकतो ती गोष्ट फारशी चर्चेत येत नाही, म्हणून तिथे जरा थांबते. कलाक्षेत्रातल्या मुलांना आपल्या कामाचं वर्णन बाहेरच्या माणसाला करता येत नाही. माझ्या मुलीने अर्जात लिहिलं होतं, 'सहायक दिग्दर्शक, दैनंदिन मालिका', आणि खाली मालिकांची नावं. भरतीवाल्या बाईंनी त्यातली एक मालिका आवडल्याचं सांगितलं आणि मुलाखत संपली. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो आणि तिला मी बँकेतल्या सवयीने विचारत गेले: सकाळी गेल्यावर पहिलं काय करतेस? त्यातून बाहेर आलं ते असं. रात्रीच उद्याची कॉल शीट, म्हणजे कुणी किती वाजता कुठे यायचं याचा कागद, पन्नास-साठ जणांना जाते. सकाळी एका नटीला ताप आला की सगळ्या सीनचा क्रम तासाभरात बदलावा लागतो, कारण दुसरा नट चारला नाटकाच्या दौऱ्यावर निघणार असतो. कंटिन्युइटी सांभाळायची, म्हणजे तीन दिवसांपूर्वी अर्धवट चित्रित झालेल्या सीनमध्ये सासूच्या कुठल्या हातात पाण्याचा पेला होता आणि तो किती भरलेला होता हे वहीत आणि फोटोंत असलं पाहिजे. एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपत आली तर आज चित्रित झालेलं दोन दिवसांत टेलिकास्टला जातं, तिथे चुकायला जागा नसते. हे सगळं वहीत उतरल्यावर ती स्वतःच बघत राहिली. वेळेवर माल पोहोचवणाऱ्या कंपनीला याच्याहून वेगळं काय हवं असतं? नाटकातला प्रकाशयोजनाकार, संगीत संयोजक, वेशभूषा सांभाळणारी मुलगी, प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं. ते बाहेरच्या जगाला कळेल असं मांडायला बाहेरच्या जगात आयुष्य काढलेली माणसं लागतात, आणि ती घरातच असतात.

इथे एक सावधगिरी हवी. अशा वेळी उत्साहाच्या भरात आपण म्हणू लागतो, 'म्हणजे काहीच वाया गेलं नाही बघ!' ते खरं नसतं. काही गोष्टी वाया जातातच. जिच्यासाठी पहाटे उठून रियाज केला ती मैफल आता होणार नाही. जो चित्रपट स्वतः दिग्दर्शित करायचा म्हणून संहिता लिहून ठेवली होती, तो बनणार नाही. त्याचं दुःख माणसाला होणार आणि ते होऊ द्यावं लागतं. नवी नोकरी लागल्याच्या दिवशी पेढे वाटताना मुलगी गप्प असेल तर 'आता काय झालं?' म्हणून तिला टोकू नये. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेतला करंडक बैठकीतल्या कपाटात असेल तर तो काढून माळ्यावरही टाकू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवूही नये. तो तिचा आहे, कुठे ठेवायचा ते ती ठरवेल. दुःखाला घरात जागा नसली की ते कडवटपणा होऊन बाहेर येतं, आणि मग तिशीतली माणसं पुढची वीस वर्षं प्रत्येक नाटकाला, प्रत्येक नव्या नटाला नावं ठेवत बसतात. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

ही सगळी मदत करण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते, हेही मला स्पष्ट म्हणायचं आहे. चाळीतल्या एका खोलीत पाच जण राहतात तिथे वेगळी खोली कुठून द्यायची? तमाशा फडातून किंवा लावणीच्या पार्टीतून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलीचं घर तर बहुतेकदा तिच्याच कमाईवर चालत असतं, तिने सोडणं म्हणजे चूल विझणं. राज्य सरकारची कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पण ती पन्नाशी पार केलेल्यांसाठी. म्हणजे म्हातारा, हालअपेष्टेत असलेला कलावंत सरकारला दिसतो. पस्तिशीत वेळेवर दुसरं काही शिकू पाहणारा दिसत नाही. गिरणी कामगारांसाठी निदान घरांची मागणी झाली, मोर्चे निघाले. नाट्यपरिषदेपासून कलावंतांच्या संघटनांपर्यंत कुणीतरी 'सोडून जाणाऱ्या सभासदाला सहा महिन्यांचा आधार' अशी मागणी लावून धरायला हवी. ती मान्य होईपर्यंत हा भार घरांवरच आहे. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी तो कुरकुर न करता उचलावा, आणि आपल्या ओळखीचा उपयोग शेजारच्या मुलासाठीही करावा.

आता शेवटचा आक्षेप, जो मला माझ्या सख्ख्या भावाने विचारला. एवढं सगळं करून उद्या ती पुन्हा मालिकेकडे किंवा नाटकाकडे गेली तर? पैसे गेले की पाण्यात. मी म्हटलं, जाईलही. दोन-तीन वर्षं नियमित पगार हातात आल्यावर एखादी संहिता पुन्हा खुणावेल, आणि तेव्हा तिच्याकडे भाड्याची भीती कमी असेल. आपण जे दिलं ते एका मुदतीसाठी दिलं, 'पुन्हा कधी कलेचं नाव काढणार नाही' अशा लेखी कबुलीच्या बदल्यात दिलेलं नाही. पुन्हा आधार लागला तर पुन्हा टेबलाशी बसू, आकडा आणि मुदत नव्याने ठरवू. तोवर मी आणखी म्हातारी झालेली असेन, म्हणून तो आकडा आजच्यापेक्षा लहान असेल. हे मी तिला आताच सांगून ठेवलं आहे, आणि तिच्या भावालाही.